नऊ मीटरच्या रस्त्यातली तूर

आमच्या प्रकाशच्या प्लॉटचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. प्रकाश म्हणजे माझा साळा. घरमालकानं त्याला होळीपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली होती, म्हणून त्यानं शेलूबाजारला नामदेवभाऊंच्या शेतात पडलेल्या लेआउटमध्ये प्लॉट धरला. जमीन अकृषक झाली की बांधकाम सुरू करायचं, एवढंच बाकी होतं.

अशा कामाला वर्षं लागतात, हे नामदेवभाऊंना पक्कं माहीत. त्यांनी खुणेचे दगड सांभाळून सगळीकडे तूर पेरली. पण आता घरांसाठीच्या जमिनीची कामं लवकर उरका, असा वरून आदेश आलेला. पाहणीचे साहेब त्याच हंगामात हजर झाले. छातीएवढ्या तुरीत उभं राहून त्यांनी विचारलं, "रस्ता कुठे आहे?"

"तुमी जिथं उभे आहा ना साहेब, तोच. नऊ मीटरचा."

"इथे तर शेती चालू आहे."

"मंग? कागद होईस्तोवर वावर पडीक ठेवू काय? लोकं हासतीन ना मले."

साहेबांनी 'शेती चालू' असा शेरा मारला, काढणी झाली की कळवा म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

प्रकाश रडकुंडीला आला. "भाऊ, आजच उपटून टाका ना. मले होळीले खोली खाली करा लागते."

"शेंगा भरून राह्यल्या, अन् उपटू? येडा झाला काय बे?"

मग त्याचा चेहरा पाहून नामदेवभाऊ नरमले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कायले घाबरतं? तुह्या प्लॉटवरली तूर मी तुह्या घरी आणून टाकतो."

प्रकाश म्हणाला, "कोणत्या घरी?"