चौगुले मॅडमनी थांबवलेलं ओतकाम

मॅडमचे यजमान दिनकरराव, त्यांच्या विभागातले सहकारी, त्यांचे विद्यार्थी, आणि पहिली पाळी संपवून शिरोलीच्या फाउंड्रीतून थेट आलेली आमची माणसं. सगळ्यांना नमस्कार.

मला सभेत बोलायची सवय नाही. फाउंड्रीत ओरडून बोलायची सवय आहे. आज मॅडमच्या शोकसभेत बोलायचंय. सांभाळून घ्या.

मी संभाजी माने. कॉलेजात मॅडमचा विद्यार्थी होतो. नंतर थोरल्या भावाबरोबर, आबांबरोबर, फाउंड्री चालवायला लागलो. कुसुम चौगुले मॅडम गणित शिकवत होत्या, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं संशोधन कशावर होतं, हे फार जणांना ठाऊक नाही. वाकड्यातिकड्या आकाराच्या वस्तूत उष्णता कशी फिरते, यावर होतं. आणि आम्ही दिवसभर तेच करतो. वाकड्यातिकड्या साच्यात तापलेलं लोखंड ओततो, आणि ते नीट थंड होईल अशी आशा करतो.

आमच्याकडे पंपाच्या बॉडीचं काम आलं होतं. गोगलगायीसारखा वळलेला आकार. एकीकडे भिंत पातळ, दुसरीकडे जाड, मध्ये पोकळी. प्रत्येक बॉडीला एकाच जागी चीर. वाळू बदलली, धातू बदलला, चीर काय हटेना. गिऱ्हाईक म्हणालं, पुढच्या खेपेला जमलं नाही तर काम दुसरीकडं देणार. त्या एका कामावर आमची अख्खी एक पाळी चालत होती. ती बंद करावी लागली असती.

मी मॅडमकडं गेलो. म्हटलं, सॉफ्टवेअर वापरलं, रंगीत चित्रं आली, चीर तशीच आहे. मॅडमनी चित्रं बघितली आणि म्हणाल्या, "ह्या अरुंद कोपऱ्यात ते अंदाजानं बोलतंय. मला ह्या बॉडीचा नकाशा दे."

त्यांची पद्धत मला समजली तशी सांगतो. चुकलो तर त्यांची विद्यार्थिनी स्नेहल समोर बसलीय, ती सांगेल. चौकोनाचं, गोलाचं गणित पुस्तकात मिळतं. गोगलगायीचं मिळत नाही. मग मॅडम आधी त्या आकाराचंच सूत्र बांधायच्या. धातूच्या आत त्याची किंमत शून्याच्या वर, बाहेर शून्याच्या खाली, आणि बरोबर कडेवर शून्य. गोलाचं, सपाट भागाचं, भोकाचं, अशी साधी सूत्रं एकात एक गुंफून ते एक मोठं सूत्र व्हायचं. उष्णतेचं उत्तर मग त्याच्यावर उभं राहायचं. म्हणजे कड कितीही वळू दे, उत्तर कडेला सोडत नाही.

उत्तर आलं. त्याप्रमाणे साचे केले. भट्टी तापली, लोखंड वितळलं, ओतायला माणसं उभी राहिली. आणि मॅडम रिक्षानं आल्या. गेटवरनं सरळ आत. म्हणाल्या, "ओतू नका. माझं उत्तर चुकलंय."

आबा तापले. म्हणाले, "मॅडम, लोखंड तयार हाय. आता थांबायचं म्हंजे काय खेळ हाय व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "न्हाय. पण चूक हाय."

"किती चूक हाय?"

"ते आज सांगता येत न्हाय. चूक हाय एवढं आज कळलंय, म्हणून आज आले."

वर्गात शुद्ध बोलणाऱ्या मॅडम त्या दिवशी आपल्या गावच्या, मुरगूडच्या बोलीत बोलल्या. सगळ्या कामगारांसमोर बोलल्या. मान खाली नव्हती, आवाजही चढला नव्हता. मंडळी, आपल्यातले किती जण असे आले असते? फोन करूनही भागलं असतं. काही न बोलताही भागलं असतं. चीर पडली असती, आम्ही वाळूला दोष दिला असता.

ते लोखंड दुसऱ्या साच्यांत ओतलं. आबांचा राग गेला नव्हता.

चूक कुठं होती? मॅडमनी सगळीकडची वाळू सारखीच उष्णता ओढते असं धरलं होतं. पण पोकळीतल्या वाळूला चारी बाजूंनी लोखंड असतं. ती स्वतःच तापते. मग ती उष्णता घेणार कुठली? मॅडमनी परत मांडणी केली आणि एका जागेवर बोट ठेवलं. तिथं आम्ही लोखंडाचा थंड तुकडा बसवला, उष्णता ओढून घ्यायला.

ओतलं. चीर नाही. आबांनी स्वतः बॉडी कापून बघितली. आतून भरीव. ते म्हणाले, "जमलं की मॅडम." आम्ही चहा सांगितला. मॅडमनी चहा बाजूला ठेवला आणि वळणाजवळ दुसरा काप घ्यायला लावला. तिथं बारीक छिद्रं निघाली. चालण्यासारखी होती, मालही पास झाला. पण मॅडम त्याच्याकडंच बघत बसल्या. म्हणाल्या, "धातू गोठताना आतली, घट्ट आणि वितळलेल्या भागामधली कड सरकत जाते. माझं सूत्र जागेवर उभं राहतंय."

पुढची वर्षं त्या त्याच सरकत्या कडेवर काम करत होत्या. आजार कळल्यावरसुद्धा.

मागच्या महिन्यात घरी भेटायला गेलो. बोलताना धाप लागत होती. दिनकरराव पाणी देत होते. मी विचारलं, सुटलं का ते गणित? म्हणाल्या, "न्हाय. अर्धं झालंय. माझ्याच्यानं आता व्हणार न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तोंड का पाडलंयस? स्नेहल करत्या. माझ्यापेक्षा वेगळ्या वाटेनं करत्या. मला पटत न्हाय ती वाट, पण तिला अडवू नका. फाउंड्रीत येऊ द्या, कापून बघू द्या."

स्नेहल, तुला जेव्हा यायचं तेव्हा ये. आबांनी गेटवर सांगून ठेवलंय.

दिनकरराव, आमच्याकडं तुमचं दुःख कमी करणारं काही नाही. आम्ही नुसते तुमच्याबरोबर उभे राहू शकतो. मंडळी, उठूया. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका. मॅडम, नमस्कार.