रंगवाल्या बाई परत आल्या त्याची गोष्ट

...अहो, पण माझा यात काय दोष? मी छापखान्यातला फोरमन, मशीन चालू राहिलं पाहिजे एवढंच माझं काम, तरी साहेबांनी सहीला कागद सरकवला तो माझ्याच पुढ्यात! तुम्हाला सांगतो, आमच्याकडे एक रंगवाल्या बाई आहेत, म्हणजे शाया मिसळून गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंग जुळवणाऱ्या... औषधाच्या खोक्याचा निळा वेगळा नि बिस्किटाच्या पुड्याचा वेगळा, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि साहेबांनी त्यांच्या टेबलावर बसवलं कोणाला? स्वतःच्या मेव्हण्याला. अनुभव काय, तर घरचं फाटक रंगवलं होतं म्हणे.

रजा संपली, बाई हजर. साहेब एकदम लोण्यासारखे मऊ... 'तुम्ही आता आई झालात, दगदग कशाला? खाली गोदामात बसा, खोकी मोजा, तुमच्या भल्याचंच सांगतोय.' आणि बाई? आवाज चढवला नाही हो त्यांनी! म्हणाल्या, 'लेखी द्या.' साहेब हसले, मग हसायचे थांबले... कारण लिहिणार काय, मूल झालं म्हणून काम काढून घेतलं? बाईंनी पिशवीतून रजा मंजुरीचा कागद काढला. 'रजेनंतर त्याच पदावर रुजू', खाली सही साहेबांची. पुढे म्हणाल्या, नाहीतर कामगार अधिकाऱ्यांना विचारते. हेही कसं, तर भाजीचा भाव विचारावा तसं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवा कागद काढला... 'बाईंनी स्वखुशीने बदली मागितली', आणि साक्षीदार मी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस मी, पेन उचललं की नाही? उचललं, खोटं कशाला बोलू! बाई समोरच उभ्या. वाटलं, आता रडतील, चार शब्द सुनावतील... पण आवाज चढवला नाही हो त्यांनी. म्हणाल्या, 'दादा, मी मागितली होती का बदली?'

अहो, शिव्या दिल्या असत्या तर सही केली असती मी! 'नाही,' म्हटलं. इतकं बारीक, की मलाच ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं... तर मशीनवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला, आणि सोमवारी बाई आपल्या टेबलावर. मेव्हणा गोदामात गेला, आणि खोकी मोजतो मात्र बिनचूक, हे कबूल करायला हवं. बाळाला पाजायला जायची वेळसुद्धा बाईंनी ठरवून घेतली. आवाज? छे!

आता सगळे अडले की त्यांच्याकडेच जातात. परवा मीही सहज बोलून गेलो, की अकरा वर्षांत रजा घेतली नाही. झालं! त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, साहेबांनी न वाचता मंजूर केला... आज चौथा दिवस, मी घरी बसलोय, आणि बायको विचारतेय, तुम्हाला परत कामावर घ्यायचा काही कायदा आहे का हो?