कोरं झालेलं तेलुगूचं पान

शिकलेली माणसं काय करून ठेवतात ते सांगते. मी दवाखान्यात आया. पोटुशी बाईनं कधी धावत यावं, ते आमच्या वेबसाइटवर मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगूत होतं. नवी वेबसाइट झाली आणि तेलुगूचं पान कोरं. ती बनवणारा इंजिनियर दवाखान्यात आल्या आल्या धरला.

“मावशी, त्या पानावर अक्षरं मराठीच होती. चूक समजून काढलं.”

“आमी विणकर घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठी शिकलो. मग आमी तेलुगू वाचायचं कुठल्या अक्षरात? आण परत!”

त्यानं लॅपटॉपवर जुनं पान शोधलं.

“मोठ्यानं वाच. बरोबर हाय का बघते.”

त्याला तेलुगूचं ओ की ठो कळत नव्हतं. अडखळत वाचत तो ‘बाळ हलेनासं झालं तर लगेच या’ या ओळीवर आला, तशी रांगेतली एक पोटुशी पोरगी उठली. तेलुगूत म्हणाली, “अक्का, माझं कालपासून हलत नाही. मला वाटलं, झोपलंय.”

हाताला धरून तिला आत नेलं. सांजेला बाळ झालं. जिवंत.

बाहेर आले तर इंजिनियर बाकावरच. हळूच म्हणाला, “मावशी, मी वाचलं काय होतं?”