देवाजींचं मत

शेवटच्या सकाळीही माझे वडील, देवाजी, चौकातल्या नळाला पाणी आलं का ते बघून आले. ते नगरसेवक नव्हते. अपक्ष उभे राहून पडले होते.

महिन्याने त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी महापालिकेच्या रांगेत होते. पुढे आमच्याच वॉर्डातल्या दोन बायका.

“देवाजी गेले. आता बिनपार्टीचं कोन उभं राहीन वं?”

“बिनपार्टीवाल्याचं वरती कोन ऐकते?”

“अन् पार्टीवाला आला, तं नळाले पानी आलं काय?”

“नाही आलं. मंग मत द्याव कोनाले?”

“मले काय मालूम! तू देवाजीले देल्लं होतं?”

“नाही बा. सारे म्हनत, ते पडतेच.”

“मीबी त्याच्यानंच नाही देल्लं.”

“मंग पडन नाही तं काय!”

एक मागे वळली. “तुमी कोनाले देल्लं, ताई?”

“मी त्यांची मुलगी,” मी म्हणाले. “मीही त्यांना मत दिलं नाही.”