मामाजींची कॉन्टेसा

तुमाले सांगतो, अकोल्याले जुन्या गाड्यायच्या लिलावात मी चक्क माह्या सासऱ्याशी भिडलो होतो. काळी, जुनी कॉन्टेसा होती, पण मालकानं इतकी जपलेली की जेमतेम अकरा हजार किलोमीटर चाललेली. बायकोले मी सांगितलं होतं, "बियाणं पाहाले चाललो." आता मी बोली लावली की मागून कोणीतरी वाढवे. पाच वेळा असंच झालं. रागानं मान वळवली, तर मागच्या खुर्चीवर बार्शीटाकळीचे आमचे मामाजी!

"जवाईबापू, तुमी इथं कावून?"

"तुमी कावून, मामाजी?"

"मी दात दाखवाले आलो. घरी बोलू नका."

मी मुकाट्यानं हात खाली घेतला आन् गाडी त्यायले सुटली. पण ती एकट्यानं घरी न्यायची त्यायची हिंमत होईना, म्हणून मीच चालवत नेली.

सासूबाई अंगणात आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली. आमी दोघं माना खाली घालून उभे. त्यायनं पुढचं दार उघडलं, पदर सावरून ऐटीत बसल्या आन् मामाजीले म्हणाल्या,

"पाहून काय राहिले? परतवाड्याले माह्या बहिणीकडं जायचं हाय. जवाईबापू चालवतीन, तुमी मागं बसा."