सातवा चिमटा

नवरा : "घडी घालताना कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. दिलीसच, तर सगळी छत्री उलगड आणि पहिल्यापासून सुरू कर. हाक मारणारा थांबेल, उडी मारणारा थांबणार नाही." पहिल्याच दिवशी पॅराशूटच्या घड्या घालायच्या टेबलाशी उभं करून सांगितलं होतं उस्तादांनी.

बायको : अकरा वर्षं ऐकतेय. पाय उचला जरा, पिशवीखाली बघू द्या.

नवरा : तिथे बघितलं मी.

बायको : तुम्ही बघितलंत म्हणजे बघून झालं असं नाही. परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतात.

(सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. लष्करी पिशवी जमिनीवर उपडी केलेली. कोनाड्यात काचेच्या चिमणीत दिवा जळतो आहे.)

नवरा : गणवेशाचे खिसे?

बायको : दोनदा उलटे केले. एक बसचं तिकीट आणि पेपरमिंटच्या दोन गोळ्या. अहो, बोटभर वस्तू ती. बसमध्ये पडली असेल.

नवरा : पडली असेल. नाहीतर छत्रीत राहिली असेल.

बायको : पण मोजून परत दिलेत ना? सहा चिमटे घेतले, सहा दिले, असं काल आल्या आल्या म्हणालात.

नवरा : ते सहा सरकारी. हा सातवा. उस्तादांनी निवृत्त होताना माझ्या हातावर ठेवलेला. त्याची नोंदच नाही कुठे. सहाला सहा जुळले आणि मी सही केली. बारा पॅराशूटं, बारा सह्या.

बायको : घरची वस्तू टेबलावर चालते?

नवरा : नाही चालत.

बायको : मग नेलात कशाला?

नवरा : पूर्णवेळ होतो तेव्हा कधी नेला नाही. कपाटातच असायचा. आता पलटण सोडून चार महिने झाले, राखीव म्हणून महिन्यातून दोन दिवस जायचं. हात परके वाटतात गं. शनिवारी पहिलीच घडी दोनदा उलगडावी लागली. हा चिमटा हातात असला की वाटतं, मी अजून तिथलाच आहे.

बायको : आणि आत राहिला असेल तर?

नवरा : तर घड्या धरून ठेवेल. पाठीवरची छत्री फुलणार नाही. पोटावर दुसरी असते, पण ती ओढायला डोकं ठिकाणावर लागतं. उद्या पहाटे बाराजण उडी मारणार. त्यातल्या नऊ जणांची पहिलीच.

बायको : मन चिंती ते वैरी न चिंती. मागच्या महिन्यात काय झालं होतं? छत्र्यांच्या कोठाराला कुलूप लावलं की नाही, म्हणून उलट्या पावली गेलात. तीन तास बसने. कुलूप होतं ना लावलेलं?

नवरा : होतं.

बायको : त्याच्या आदल्या महिन्यात, सही चुकीच्या रकान्यात केली म्हणालात. तीही बरोबर निघाली. दुकानात दोन खाडे पडले. मालक काय म्हणाले होते?

नवरा : तिसऱ्या खाड्याला येऊच नकोस म्हणाले.

बायको : आणि आज त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. नऊला दुकान उघडतो, ट्रकवाल्याला ताडपत्री देतो, असा शब्द दिलाय तुम्ही. राग नका मानू, एक विचारते. चिमटा हरवलाय, की तुम्हाला परत जायला निमित्त हवंय?

नवरा : तेच तर कळत नाहीये मला.

बायको : काय?

नवरा : शंका कुठली आणि ओढ कुठली. पूर्वी कळायचं. आता दोन्हींचा आवाज एकच येतो. काल साडेतीनला तुझा फोन आला, दुकानाच्या किल्लीसाठी. तेव्हा मी दहाव्या छत्रीवर होतो. का अकराव्या, कुणास ठाऊक. पूर्वी फोन दाराबाहेर पेटीत टाकायचो. राखीववाल्यांना सूट आहे, घरचे निरोप येतात म्हणून. मी ओ दिली. आणि उलगडली नाही. पाचची बस होती.

बायको : म्हणजे माझ्यामुळे.

नवरा : असं म्हणालो का मी?

बायको : मालकांचा माणूस दारात उभा होता, किल्ली नक्की तुमच्याकडेच आहे ना विचारायला. त्याला काय सांगायचं होतं मी?

नवरा : तुझं काही चुकलं नाही. फक्त आठवून सांग. बोलताना माझे हात चालू होते, का थांबलो होतो?

बायको : मला काय त्यातलं कळतं? चहा टाकते.

नवरा : चहा नको. आठव ना.

बायको : किल्ली खुंटीला आहे म्हणालात. आणखी काय.

नवरा : तो दिवा कधीपासून आहे?

बायको : काल, तुम्ही बारा सह्या केल्या म्हणालात तेव्हापासून. आता नव्याने विचारताय का? नेम आहे माझा. तुमच्या सह्या झाल्या की लावायचा, सगळे खाली उतरले की विझवायचा.

नवरा : मी कोठारावरच्या हवालदारांना फोन लावतो. आठ दहाची बस चुकली तर पुढची दोनला, आणि चारला पॅराशूटं वाटून मोकळे होतात.

बायको : स्पीकरवर ठेवा. मलाही ऐकू दे.

हवालदार : बोला पाहुणे! सोमवारी सकाळी सकाळी आठवण? घरी करमत नाही वाटतं.

नवरा : हवालदार, कालच्या माझ्या बारा छत्र्यांबद्दल बोलायचंय. एक चिमटा सापडत नाही.

हवालदार : सहाला सहा. वही समोरच आहे माझ्या.

नवरा : सातवा. माझा स्वतःचा.

हवालदार : घरचा? टेबलावर? अहो, यासाठी तुम्ही नव्या पोरांचे कान उपटायचात!

नवरा : हो.

हवालदार : आता शांतपणे ऐका. आधी तो रकाना झाला, मग ते कुलूप झालं. इथे सगळे हसतात, अर्धवेळवाल्यांना घरी बसून भुतं दिसतात म्हणून. बारा छत्र्या अडवायच्या तर मला वर कळवावं लागेल. उडी पुढे ढकलली जाईल. ज्याची सही, त्याच्यासमोर उलगडायची, म्हणजे तुम्हाला यावं लागेल. आणि घरचा चिमटा म्हटलं की राखीव यादीतून तुमचं नाव गेलंच समजा. म्हणून एकच विचारतो. नक्की आहे, की वाटतंय?

नवरा : वाटतंय. बसमध्येही पडला असेल.

हवालदार : म्हणजे नक्की नाही.

नवरा : नक्की… नाही.

हवालदार : मग तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. वहिनींच्या हातचा चहा घ्या आणि कामाला…

बायको : थांबा भाऊजी. नक्की आहे.

हवालदार : कोण, वहिनी?

बायको : काल साडेतीनला फोन मी केला होता. हे काम करताना तोंडाने म्हणत असतात. दोऱ्या मोकळ्या, कडा जुळल्या, चिमटा लावला, घडी दाबली, चिमटा काढला, झडप बंद. घरी चादरींच्या घड्या घालतानाही तेच चालतं, मला पाठ आहे. काल 'चिमटा लावला' ऐकलं. मग मी किल्लीचं विचारलं. यांनी सांगितलं. मग 'घडी दाबली, झडप बंद' म्हणाले. मधलं म्हणाले नाहीत.

हवालदार : ऐकण्यात चूक होते, वहिनी.

बायको : रोजच्या जपातली ओळ गळली की जीभ अडते हो. तशी मी काल अडले होते. एक राहिलं, असं मनात आलंही. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विसरले.

हवालदार : बरं. बाराच्या बारा बाजूला काढतो, कुलपात ठेवतो. दोनच्या आत या, लेखी जबाब द्यावा लागेल. आणि वहिनींना सांगा…

नवरा : ऐकतेय ती.

हवालदार : मग झालं. ठेवतो.

नवरा : तुला माहीत होतं. मघाशी विचारलं तेव्हा.

बायको : हो.

नवरा : मग?

बायको : चहाचं पातेलं हातात घेऊन उभी राहिले होते. म्हटलं, बोलले तर यांचं तिकडचं नाव जाईल आणि इकडची नोकरीही. दिव्याकडे पाठ करून उभी होते, अहो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

नवरा : तुला तर मी तिकडून पुरता सुटावा असंच हवं होतं. 'राखीवच्या कागदावर सही करू नका' म्हणून दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी.

बायको : हवंच होतं. पण तुम्ही स्वतःच्या पायांनी बाहेर यावं असं. मघाशी 'नक्की नाही' म्हणालात, तो आवाज मी ओळखला नाही. क्षणभर वाटलं, फोनवर दुसरंच कुणी आहे.

नवरा : भ्यालो गं. विमानाच्या दारात कधी भ्यालो नाही. यादीतून नाव जाईल म्हटल्यावर भ्यालो.

बायको : आता जातंय तर भीतीही गेली असेल. उठा, पावणेआठ झाले. गणवेश इस्त्री केलाय.

नवरा : साध्या कपड्यांत जातो.

बायको : गणवेश घाला. सह्या ज्या कपड्यांत केल्यात, जबाबही त्याच कपड्यांत द्या.

नवरा : मालकांना काय सांगू? एव्हाना आत नेलं असेल त्यांना.

बायको : काही सांगू नका. नऊला दुकान उघडेल आणि ताडपत्री जाईल. एवढाच शब्द होता ना?

नवरा : तू जाणार? चाळीस किलोची आहे ती.

बायको : ट्रकवाल्याला देवाने हात दिलेत.

नवरा : शटर डावीकडे अडकतं. आधी…

बायको : खालून लाथ मारायची, मग वर ढकलायचं. पूर्वी जेवताना छत्र्या ऐकायचे, आता शटर ऐकते.

नवरा : आणि हा दिवा? घरी कुणी नसताना…

बायको : जाता जाता शेजारच्या काकूंना तेल घालायला सांगते.

नवरा : विझवून जा ना. माझ्या सह्या तर आता रद्दच झाल्या.

बायको : उतरलं नाही ना अजून कुणी. राहू दे.

नवरा : पोचलो की कळवतो.

बायको : सगळ्या उलगडून झाल्यावर कळवा. तोवर मी फोन करायची नाही.

नवरा : बरं. आणि किल्ली…

बायको : ही काय, केव्हाच काढली खुंटीवरून. चला, कोपऱ्यापर्यंत आपली वाट एकच आहे.