आधी पाहुण्याने वाचायचं

देणग्या देणाऱ्या एका संस्थेच्या कार्यालयात मी बसलो होतो. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय होत्या. भावजय अडखळत बोलणाऱ्या मुलांचा वर्ग चालवत होती.

"वहिनी, हल्ली सगळ्या देणगीदारांना व्हिडिओच लागतो. आधी मूल अडखळताना, मग घडाघडा बोलताना."

"आपण नाही द्यायचा."

"मग शिकवणाऱ्या बाईंचा पगार कुठून आणणार? वर्ग बंद पडेल!"

"अगं, लहानपणी तुझं अडखळणं कुणी असं पडद्यावर लावलं असतं तर?"

"त्याचं डोकं फोडलं असतं मी."

"मग?"

"मग काय! मुलं सुधारली हे यांना कळणार कसं?"

"वर्गात येऊन बसा, असं अर्जातच लिहिलंय मी. पण आपल्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याने आधी मुलांपुढे उभं राहून गोष्ट वाचायची. मुलं बोलतील ती त्यानंतर."

"देणाऱ्यालाच अट? धन्य आहे बाई तुमची! दादाला उगाच नाही घाम फुटत तुमच्यापुढे."

"हळू बोल, दार उघडलं."

आतून साहेब बाहेर आले.

"वर्ग चालवणाऱ्या बाई तुम्हीच ना? व्हिडिओ राहू द्या. शुक्रवारी मीच येतो."

"या ना. गोष्टीचं पुस्तक आम्ही देऊ."

"हो, पण... मला चारचौघांत वाचायची सवय नाही. चुकलो तर मुलं हसतील का हो?"

"छे हो! आमच्या वर्गात समोरच्याचा शब्द पुरा होईपर्यंत सगळे थांबतात."